बाळंतिणीच्या खोलीतला सर्व्हर

(पावस, जिल्हा रत्नागिरी येथे शिक्षक, ग्रंथपाल आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा हा लिखित भाग.)



ज्या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे, त्या विषयाचा मी अधिकारी नव्हे. मराठी आणि इतिहास हे विषय घेऊन मी पदवीधर झालो आणि नोकरीची सगळी वर्षे बातम्या, पत्रके आणि दौऱ्यांची वृत्तांकने लिहिण्यात गेली. विजेच्या तारेला हात लावण्यापूर्वी आजही मी दोनदा विचार करतो. तरीही येथून पाच मिनिटांच्या वाटेवर, आमच्या वाडवडिलांच्या घरात, गेली काही वर्षे एक लहानसा सर्व्हर रात्रंदिवस चालू आहे. तो कसा उभा राहिला आणि त्यात माझ्या कोणत्या चुका झाल्या, एवढेच मी सांगणार आहे. मघाशी एका मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, यंत्र केवढ्याला पडते?" या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. यंत्र मला साडेसात हजारांना पडले. सगळा कक्ष उभारायला मात्र ३८ हजार रुपये लागले. या दोन आकड्यांमधील अंतर हाच माझ्या भाषणाचा विषय होय.

सर्व्हर या शब्दाचे दडपण घेण्याचे कारण नाही. जो संगणक आपल्या पोटातील माहिती, पुस्तके, चित्रे वा ध्वनिमुद्रणे दुसऱ्या संगणकांना किंवा दूरध्वनी संचांना मागताक्षणी पुरवतो, तो सर्व्हर. ग्रंथालयाच्या खिडकीतून पुस्तक काढून देणाऱ्या गृहस्थाचे काम तो करतो. फरक इतकाच की त्याला सुटी नसते. जगातील पहिला वेब सर्व्हर १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरील एका संगणकावर चालू झाला. कोणी अनवधानाने तो बंद करू नये म्हणून त्यावर लाल शाईने लिहिलेली एक सूचना चिकटवलेली होती. आमच्या खोलीतही तशीच चिठ्ठी आहे. ती मात्र सर्नवरून सुचलेली नाही. मोदक उकडताना मिक्सरसाठी प्लग हवा म्हणून आमच्या घरी एकदा यंत्राचीच पिन काढली गेली. ती चिठ्ठी त्या दिवसापासूनची.

या उद्योगाला मी का लागलो, ते आधी सांगितले पाहिजे. माझी आत्या जात्यावरच्या ओव्या म्हणत असे. तिच्या अखेरच्या दोन वर्षांत, सुटीत घरी आलो की मी तिच्या आवाजात त्या मुद्रित करून घेई. काही तास भरतील एवढे ते मुद्रण होते. २०१४ मध्ये ती गेली. ती सर्व मुद्रणे एका संगणकात, एकाच हार्ड डिस्कवर होती. २०१७ च्या मे महिन्यात, वळवाच्या एका संध्याकाळी, घरापासून बऱ्याच अंतरावर वीज पडली. घराला काही झाले नाही, माडालाही काही झाले नाही. परंतु तारांमधून आलेल्या दाबाने संगणक, राउटर आणि ती डिस्क एकाच क्षणी निकामी झाली. प्लगला तिसरी पिन होती, भिंतीत तिसरी तारही होती. नंतर भिंत फोडून पाहिली तेव्हा कळले की ती तार भिंतीतच संपत होती. जमिनीपर्यंत ती कधी नेलेलीच नव्हती. ते काम कोणी केले होते हे मला ठाऊक आहे. पण तो दोष मी त्यांच्यावर ढकलणार नाही, कारण इतक्या वर्षांत मीही ते कधी तपासले नव्हते. काही तासांपैकी दोन ओव्या वाचल्या. त्याही माझ्या वहिनीने तिच्या फोनवर सहज घेतल्या होत्या म्हणून.

म्हणून पहिला खर्च जमिनीवर करावा. आपले कोकण जांभ्यावर वसलेले आहे. पावसाळ्यात पाणी पिऊन बसलेला हा दगड उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि कोरड्या जांभ्यात वीज सहजासहजी उतरत नाही. दुर्दैव असे की विजांचे दिवस एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे जमीन सर्वांत कोरडी असतानाच येतात. अर्थिंगची जुनी पद्धत तुम्हांला ठाऊक आहे: सुमारे अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ खड्ड्यात उभा पुरायचा आणि भोवती कोळसा व मीठ यांचे थर द्यायचे. खड्डा कोठे खणावा यावर आमच्याकडे पुष्कळ खल झाला. शेवटी आमच्या वाडीतल्या वायरमनने उत्तर शोधले. न्हाणीघराचे पाणी जेथे केळींना जाते, ती जागा बारा महिने ओली असते. तेथे नळ पुरला. केळींच्या मुळांना मिठाची बाधा होऊ नये म्हणून चार हात अंतर सोडले. तरीही एक केळ गेलीच, हे प्रांजळपणे नमूद करतो. अर्थिंगचा रोध उपकरणाने मोजता येतो आणि तो मे महिन्यात मोजून घ्यावा. जुलैत मोजलेला आकडा आपली फसवणूक करतो.

बाजारात वाढीव दाबापासून संरक्षण देणारे एक लहान खोके मिळते. वीज आली की तो वाढलेला दाब ते जमिनीकडे वळवते. जमिनीची तारच नसेल, तर ते कोठे वळवणार? तेव्हा आधी अर्थिंग आणि मग खोके, हा क्रम उलटा करू नये. आणि एवढे करूनही ढग गडगडू लागले की आम्ही पिन काढून ठेवतो. चिठ्ठीला एवढा एक अपवाद आहे.

आता खोलीविषयी. संगणकाची खोली म्हटली की काचेचे दार, थंड हवा आणि पांढऱ्या फरश्या असे चित्र डोळ्यांसमोर येते. त्या चित्राला इतिहास आहे. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या देशातील अगदी सुरुवातीचा एक संगणक, टिफ्रॅक, १९६० साली कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या, आणि निर्वात नलिका म्हणजे एक प्रकारे पेटता दिवाच. एवढे दिवे एका खोलीत पेटले तर ती थंड करावीच लागणार. गंमत अशी की त्या यंत्राच्या स्मृतीत ४० अंकस्थानांचे केवळ २,०४८ शब्द मावत. आमच्याकडे कार्यालयांतून निघालेला जो छोटा, जुना संगणक आहे, त्याला लागते २५ वॅट वीज. पूर्वी जिन्याखाली लावीत त्या पिवळ्या बल्बइतकी उष्णता तो देतो. त्याच्यासाठी वातानुकूलन यंत्र बसवणे म्हणजे समईवर पंखा धरण्यासारखे होय. वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकेतील संस्थेने संगणक-कक्षासाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस ही पट्टी उत्तम मानली आहे. त्यापुढची काही उष्णताही बहुतेक यंत्रे सहन करतात, असे तीच संस्था सांगते.

आपला शत्रू उष्णता नाही. तो समुद्राकडून येतो. वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात आणि धुळीसारखे सर्वत्र बसतात. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि स्वतःच विरघळते. स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटते, तेच संगणकाच्या पाटीवर घडते. पाटीवरचे ते खारे पाणी वीज वाहून नेते, तांबे खाते, जोड हिरवे पडतात. आमच्या पश्चिमेच्या पडवीत ठेवलेला पहिला राउटर दुसऱ्या पावसाळ्यात असाच गेला.

म्हणून मी बाळंतिणीची खोली निवडली. कोकणातील जुन्या घरांत माजघराला लागून असलेली ही अंधारी, चिऱ्यांच्या जाड भिंतींची खोली तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. पुष्कळांचा जन्मही तिथलाच. तिला बाहेरची भिंत नाही, खारा वारा तेथे पोचत नाही आणि दुपारीही ती गार असते. आता बाळंतपणे रुग्णालयात होतात आणि त्या खोलीत नारळ व जुने ट्रंक पडून असतात. मी नारळ हलवले. लाकडी मांडणीला वाळवी लागते, लोखंडी मांडणी गंजते, म्हणून भिंतीत कडप्प्याच्या दोन फळ्या बसवल्या. पाली आणि मुंग्या यांना यंत्राची ऊब फार प्रिय असल्यामुळे भोवती बारीक जाळी लावली. तेवढीच सजावट.

यानंतरची गोष्ट मला कोणी शिकवली नाही. ती अनुभवाने कळली आणि मागाहून पुस्तकात तिचे कारण सापडले. पावसाळ्यात यंत्राला जपायचे म्हणून मी आरंभी ते बंद करून, चादरीत गुंडाळून ठेवीत असे. हाच सर्वांत वाईट उपाय होता. हवा थोडी तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. बाहेर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल आणि यंत्राच्या पोटातील हवा केवळ पाच अंशांनी उबदार असेल, तर तेथील आर्द्रता ६८ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे मीठ विरघळण्याच्या मर्यादेखाली. चालू यंत्र स्वतःला कोरडे ठेवते. आपल्या आज्या बियाण्याची कणसे आणि सुकी मासळी चुलीवरच्या माळ्याला का टांगून ठेवीत, याचे उत्तर मला एका संगणकाने दिले.

विजेच्या बिलाचा हिशेब प्रत्येक पंचायतीने यंत्र घेण्यापूर्वी करावा. २५ वॅटचे यंत्र दिवसाला ०.६ युनिट आणि महिन्याला १८ युनिट वीज खाते. मला एका परिचिताने शहरातील कार्यालयातून निघालेला मोठा सर्व्हर फुकट देऊ केला होता. दोघांनी उचलावा असे ते धूड होते. त्याला २०० वॅट लागत. म्हणजे महिन्याला १४४ युनिट. घरगुती वापरात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो, हे आपण सर्व जाणतो. शिवाय त्याच्या पंख्यांचा आवाज असा की माजघरात कोणाला झोप लागली नसती. मी आभार मानून नकार दिला. फुकट मिळालेली यंत्रे शाळांच्या कोपऱ्यांत धूळ खात का पडतात, याचे एक कारण या हिशेबात आहे.

दुसरे कारण वारणेच्या उदाहरणात आहे आणि त्यावर थोडे थांबावेसे वाटते. १९९८ साली वारणानगर परिसरातील, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याची योजना आखण्यात आली. केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणेची सहकारी चळवळ अशा तिघांनी मिळून भार उचलला. देशोदेशीच्या अभ्यासकांनी त्या योजनेची दखल घेतली आणि ते योग्यच होते. मात्र काही वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा असे दिसले की शेतकऱ्यांना या केंद्रांचा खरा उपयोग होता तो ऊस, खत आणि पाणी यांच्या नोंदींपुरता. २००७ च्या सुमारास सात गावांत आठ महिने एक प्रयोग झाला. संगणकाचे तेच काम साध्या मोबाइल फोनच्या लघुसंदेशांवर करून पाहण्यात आले. ते स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांना अधिक सोयीचेही वाटले. काही जण यावरून संगणकाची योजना फसली असा निष्कर्ष काढतात. मला तो अन्यायकारक वाटतो. नोंदी करण्याची सवय आणि तिच्यावरचा विश्वास आधीच रुजला होता, म्हणून साधन बदलता आले. परंतु खरेदीचा प्रस्ताव लिहिणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न जरूर विचारावा: हे काम याहून लहान साधनाने होणार नाही काय?

आमच्याकडे काय काम होते, ते सांगतो. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्याची संपूर्ण प्रत किविक्स नावाच्या विनामूल्य आज्ञावलीच्या साहाय्याने उतरवून ठेवता येते. बालभारतीने आपली पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर उपलब्ध केली आहेत, तीही आम्ही उतरवून ठेवली आहेत. वाडीतली मुले संध्याकाळी ओटीवर बसतात आणि आपल्या फोनवर ती उघडतात. यासाठी बाहेरच्या जोडणीची गरज लागत नाही. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंनी जोडण्याच्या योजनेला केंद्र शासनाने २०११ मध्ये मान्यता दिली. पुढे तिचे भारतनेट झाले. ती जोडणी हवीच. परंतु फणसाची एक फांदी पडली तरी तार तुटते आणि दुरुस्तीचा माणूस यायला दिवस लागतात. तोवर ओटीवरचे काम अडत नाही. याखेरीज गावातील वृद्धांची त्यांच्या संमतीने केलेली मुद्रणे, जुनी छायाचित्रे आणि काही घरांनी विश्वासाने दिलेल्या मोडी कागदांच्या प्रतिमा तेथे आहेत. विकत घ्यायची पुस्तके आणि चित्रपट तेथे नाहीत. मुलांनी पुष्कळ आग्रह केला, तरी नाहीत.

सरपंचताईंनी एक सूचना केली, तिला मात्र मी नम्रपणे विरोध केला. पंचायतीचे दाखले आणि लाभार्थ्यांच्या याद्याही येथेच ठेवाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. नागरिकांची वैयक्तिक माहिती हौशी माणसाच्या घरातील यंत्रावर ठेवणे उचित नाही. २०२३ च्या विदा-संरक्षण कायद्यानंतर तर नाहीच नाही. तिची जागा शासनाने नेमून दिलेल्या यंत्रणेत आहे. आमचे यंत्र गावाबाहेरच्या जगाला दार उघडून देत नाही, आणि त्याचा परवलीचा शब्द 'पावस१२३' असा नाही, एवढे येथे जाहीरपणे सांगण्यास हरकत नाही.

आता उरलेल्या खर्चाविषयी. सर्वांत मोठी रक्कम, १६,५०० रुपये, तीन हार्ड डिस्कवर गेली. अर्थिंगला ५,४००, संरक्षक खोक्याला २,६००, यू.पी.एस.ला २,८०० आणि कडप्पा, जाळी व तारा मिळून ३,२०० रुपये लागले. इन्व्हर्टर घरात होताच. हे २०१८ चे दर आहेत. तीन डिस्क कशाला, असे घरीही विचारले गेले. एक यंत्रात असते. दुसरी हवाबंद स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह, कपाटात असते. तिसरी देवरूखला बहिणीकडे असते आणि दर दोन महिन्यांनी एस.टी.ने ये-जा करते. यंत्रातच दोन डिस्क जोडून एकीचे प्रतिबिंब दुसरीत उमटवण्याची सोय असते. ती चांगली आहे, पण तिला प्रत म्हणता येणार नाही. चुकून पुसलेले दोन्हींकडून पुसले जाते आणि वीज पडली तर दोन्ही एकदमच जातात. जुन्या काळी पोथीची नकल दुसऱ्या गावच्या मठात ठेवीत, त्यामागचा विचार वेगळा नव्हता.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तो दिवस कोणी विसरणार नाही. आंब्याचे काय झाले ते तुम्ही जाणता. आमच्या वाडीत चार दिवस वीज नव्हती. पहिल्याच रात्री इन्व्हर्टर संपत आला. यू.पी.एस. यंत्राला केवळ दहा मिनिटे चालवतो. पण यंत्र नीट बंद करण्यासाठी तेवढी दहा मिनिटे पुरतात. मी त्या वेळी मुंबईत होतो. फोन लागत नव्हता. खोलीतले यंत्र सौभाग्यवतींनी बंद केले.

ते त्यांना करता आले, कारण कडप्प्याच्या फळीवर एक दोनशे पानी वही टांगलेली आहे. माझी नोकरी बदलीची आहे. पहिल्या दोन वर्षांत या खोलीचे सारे ज्ञान माझ्या डोक्यात होते आणि मी बाहेरगावी असलो की खोली पोरकी होई. मग मी मराठीत, पायरी-पायरीने सगळे लिहून काढले: कोणती पिन आधी, कोणती नंतर, हिरवा दिवा म्हणजे काय, लाल लागला तर कोणाला फोन करायचा. लिहिलेले सौभाग्यवतींना वाचायला दिले. त्यांनी चौदा ठिकाणी "समजले नाही" असे पेन्सिलीने लिहून वही परत केली. ती चौदा ठिकाणे दुरुस्त करण्यात माझे दोन रविवार गेले आणि त्या दोन रविवारांचा खर्च ३८ हजारांत धरलेला नाही. तौक्तेच्या रात्रीची नोंद त्यांच्या हस्ताक्षरात आहे: "वारा फार. पाने बघून बंद केले. नीट बंद झाले. डबा माजघरात आणला."

शाळेत असा कक्ष करण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी त्या वहीची नक्कल जरूर न्यावी; झेरॉक्सच्या दहा प्रती मी आणल्या आहेत. पाने आपल्या शाळेप्रमाणे बदलावी लागतील, आणि ती यंत्र सांभाळणाऱ्या शिपायाला किंवा सातवीच्या एखाद्या मुलीला आधी वाचायला द्यावीत. चहानंतर खोली पाहायला यायचे असेल, तर एका वेळी तिघांनीच यावे. जागा तेवढीच आहे. चपला ओटीखाली काढाव्यात, कारण तळव्यांना लागून आलेली वाळू खारी असते. ज्यांना आत्याच्या त्या दोन ओव्या ऐकायच्या असतील, त्यांना ओटीवर बसून आपल्या फोनवर त्या ऐकता येतील.